तळघरातली न्हाणी, गच्चीवरचा पाईप

मुलांनो,

मागच्या रविवारी मी तुम्हाला गच्चीवरून मावळतीचा फोटो पाठवला. तुमच्यातल्या धाकट्याने सूर्य सोडून कोपऱ्यातला पांढरा पाईप तेवढा पाहिला. "आजी, तो काय आहे? आम्ही आलो होतो तेव्हा नव्हता." त्याचं बरोबर आहे, तेव्हा तो नव्हता. फोनवर ती हकीकत नीट सांगता येईना, म्हणून लिहून पाठवते. तुमच्या बाबांकडून वाचून घ्या. अहिराणी बोली जिथे आली आहे तिथे त्यांना मुद्दाम मोठ्याने वाचायला लावा. बरीच वर्षं बोलले नसतील.

आपलं तळघर तुम्हाला आठवत असेल. तुम्ही तिथे लपंडाव खेळला होतात आणि सरकीच्या पोत्यांमागे लपून शिंकला होतात. तुमच्या पणजोबांनी सरकी आणि भुईमूग ठेवायला ते खणून घेतलं. जिन्याच्या अकरा पायऱ्या उतरल्या की गारवा लागतो. शहाद्याच्या या पट्ट्यात चैत्र लागला की वरच्या खोलीतली भिंतसुद्धा हाताला चटका देते. तळघरात मात्र भर दुपारी पातळ गोधडी लागते.

माझ्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे तुमची मोठी आजी, मी त्यांना जिजी म्हणते. दोन वर्षांपूर्वी त्यांना ऊन लागलं आणि दवाखान्यात चार दिवस राहावं लागलं. उन्हाळ्यात त्यांना गार जागेत ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं. एसीने त्यांचे सांधे आखडतात आणि कूलर चालू केला की वीज जाते. म्हणून त्यांची खाट तळघरात टाकली. तोवर सगळं ठीक होतं. गेल्या वर्षी त्या ओसरीवर घसरल्या आणि खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली. आता सपाट जमिनीवर वॉकर धरून त्या छान चालतात, पण पायरी म्हटली की त्यांचा चेहरा उतरतो. संडास आणि न्हाणी वर, तीही अंगणापलीकडे. तेव्हा खाली भांडं ठेवायचं आणि ते मी वर नेऊन धुवायचं, असा आमचा क्रम होता. घरात आम्ही दोघीच. दुसरं कोण करणार?

पुढे माझ्या ध्यानात आलं की जिजी पाणीच पीत नाहीत. उशाचा तांब्या सकाळी भरावा तसा संध्याकाळी भरलेलाच. विचारलं तर म्हणायच्या, "तहानच लागत नही." बेचाळीस अंश उन्हात तहान लागत नाही?

जिजींचा मुलगा सुरतला असतो. चौथ्या मजल्यावर घर, लिफ्ट, आणि आईसाठी राखलेल्या खोलीला लागूनच कमोड. तो वाईट मुलगा नाही, हे आधीच सांगते. होळीच्या सुमारास त्याचा फोन आला तेव्हा मी आवाज मोठा करून जिजींच्या खाटेवर ठेवला.

"काकू, तुन्हं वय काय?" त्याने मला विचारलं.

"बहात्तर."

"बहात्तर वरीसनी बाई भांडं लिसन अकरा पायऱ्या चढस. तू पडनी ते मी दोन म्हाताऱ्यास्ले कोठे कोठे लई फिरू? आखाजीले मी येस. तवलोंग खाले सोय व्हयनी ते ठीक. नही ते मायले लई जासू."

"मी काय म्हैस शे का?" जिजी फोनवर वाकून ओरडल्या. "या गोठामाईन त्या गोठामा न्यावाले!"

तो हसला, पण त्याने शब्द मागे घेतला नाही. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आपल्याकडे दिवाळीपेक्षा तिचंच कौतुक जास्त. तिला सात आठवडे होते. फोन ठेवला आणि जिजी भिंतीकडे तोंड करून पडल्या. मला त्या घरातून जायला नको होत्या. त्यांचं त्यांनाच ठाऊक, पण माझ्यापुरतं सांगते. त्रेपन्न वर्षं एका चुलीवर स्वयंपाक केला आहे. त्या गेल्या असत्या तर मी भाजीत मीठ किती घालायचं हेही विसरले असते.

पहिला गवंडी आला, पायऱ्यांवर उभं राहून त्याने खाली डोकावलं. "बाई, तळघरमा संडास? पाणी वर चढी का?" म्हणाला, चहा प्यायला आणि गेला. मी मात्र रात्रंदिवस तुमच्या तिकडच्या, परदेशातल्या घरातलं तळघर आठवत होते. तिथे तर न्हाणी आहे, धुण्याचं यंत्र आहे, सगळं आहे. शाळेत शिकवायचे तेव्हाच्या सवयीने मी आलेखाच्या कागदावर आराखडा काढला. भिंती काळ्या, पाण्याचे नळ निळे, सांडपाणी तपकिरी. तीन रंगांच्या पेन्सिली मला कपाटात सापडल्या, त्या आनंदात मी जरा जास्तच रंगवलं.

शहाद्याच्या पाईपवाल्या दुकानदाराने एक जोडपं सुचवलं. नवरा-बायको, पन्नाशीच्या आतबाहेरचे, अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातले. बरीच वर्षं गुजरातेत इमारतींच्या कामावर गेली. तिथेच तो पाईपचं काम शिकला आणि ती त्याच्याबरोबर शिकली. दिवाळीनंतर ते डोंगरातून खाली उतरतात आणि आखाजीला परत जातात. आपसात त्यांची डोंगरची बोली, ती मला फारशी कळत नाही. माझ्याशी अहिराणी.

त्याने माझा आराखडा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "चित्र भारी शे, बाई. पन उतार कोनीकडे शे?"

मी पाहिलं. मी सगळे पाईप पट्टीने आडवे, अगदी सरळ काढले होते. कागदावर छान दिसत होते. प्रत्यक्षात त्यातून थेंब हलला नसता.

मग त्याने पिशवीतून लांबच लांब पारदर्शक रबरी नळी काढली आणि पाण्याने भरली. एक टोक बायकोने तळघराच्या फरशीपाशी धरलं, दुसरं टोक घेऊन तो जिन्याने वर, अंगणातून मागच्या वाड्यात आणि तिथून पार टोकाला नाल्याच्या कडेपर्यंत गेला. नळी पुरेना तिथे भिंतीवर खूण करून पुढे सरकायचं. दोन टोकांतलं पाणी नेहमी एका पातळीत राहतं, एवढीच विद्या. आपली मागची जमीन नाल्याकडे उतरती आहे हे मला पन्नास वर्षं माहीत होतं, तरी ती किती उतरते हे कधी कुणी मोजलं नव्हतं. तो परत आला तेव्हा घामाने निथळत होता. "बाई, नाला तुमना तळघरपेक्षा हातभर खाले शे. टाकी तठे खणू. पाणी सोताच जाई."

जिजींनी खाटेवरून विचारलं, "आनी नही गयं ते?"

"ते मले बोलाडा, जिजी. मी वाहीसन लई जासू."

जिजी हसल्या. त्या दिवशी त्यांनी अर्धा तांब्या पाणी प्यालेलं मी पाहिलं.

काम अकरा दिवस चाललं. फरशी फोडली तेव्हा तळघर धुळीने भरून गेलं, म्हणून तेवढे दोन दिवस जिजींना शेजाऱ्यांनी खुर्चीसकट उचलून वर ओसरीत आणलं. परत खाली गेल्यावर त्या मुकादमासारख्या बसल्या. चर खणताना तो दर थोड्या अंतरावर हात आडवा लावून पाही. दोन हात लांबीला एक बोट उतार. मी विचारलं, "जास्त दिला तर लवकर जाणार नाही का?" तो म्हणाला, फार उतार दिला तर पाणी पुढे पळतं आणि घाण मागे बसते. दोघांनी बरोबरीने चालायला हवं. यावर त्याची बायको त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली आणि दोघं हसू लागले. मी अर्थ विचारला नाही.

खरा वाद झाला तो त्या पांढऱ्या पाईपवरून. संडासाचा पाईप मागच्या भिंतीतून बाहेर पडला तिथूनच त्याला दुसरा फाटा जोडायचा, भिंतीच्या कडेने तो सरळ वर न्यायचा आणि गच्चीच्याही वर पुरुषभर उंच उघडा ठेवायचा, असं त्याचं म्हणणं.

"घाण खाले जास," मी म्हटलं. "मंग पाईप वर कसाले?"

"हवाकरता."

"हवा काय संडासले जाई?" जिजी म्हणाल्या.

तो बिचारा समजावून दमला. मलाही ते पटेना. घराच्या दर्शनी भागात नाही, तरी गच्चीवर असला खांब कशाला? शेवटी त्याची बायको हातातली घमेली खाली ठेवून माझ्याकडे आली. "बाई, तेलना डबाले तुमी कितला भोक पाडतस?"

"दोन."

"दोन कसाले?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. एकच भोक पाडलं तर तेल गचके खात पडतं, थांबतं, सांडतं. दुसऱ्या भोकातून हवा आत जाते म्हणून धार सरळ लागते. लग्न होऊन आले तेव्हापासून मी डब्याला दोन भोकं पाडते आहे. तोंड उघडलं तसंच मिटलं.

"आते बोल, मास्तरीण!" जिजी म्हणाल्या.

मग ती मला नहाणीपाशी घेऊन गेली; न्हाणीच्या फरशीत पाणी जायचं जे तोंड असतं, त्याला पाईपवाले नहाणी म्हणतात. फरशीतल्या जाळीखाली एक वाकडं भांडं असतं, त्यात ओंजळभर पाणी कायम साठून राहतं. त्या पाण्यामुळे खालचा वास वर येत नाही. संडासातून एकदम पाणी सुटलं आणि त्याला मागून हवा मिळाली नाही, तर ते ती ओंजळही ओढून नेतं. मग वासाला दार उघडंच. मला ते इतकं आवडलं की पुढचे आठ दिवस जी बाई घरी येई तिला मी तेलाचा डबा आणि नहाणी समजावून सांगितली. दूधवालीने दोनदा ऐकलं.

कमोड बसवायच्या आधी त्या बाईने जिजींना रिकाम्या खोक्यावर बसवलं, खाली एकेक फरशी सरकवून उंची ठरवली आणि म्हणाली, "आते उठा, जिजी." जिजींचा हात उठताना भिंतीवर आपसूक जिथे टेकला, तिथे तिने चुन्याने खूण केली. धरायचा दांडा बरोबर त्या खुणेवर बसवला. माझ्या आराखड्यात तो वीतभर वर होता.

पहिल्यांदा पाणी सोडलं तेव्हा आम्ही सगळे मागच्या वाड्यात टाकीच्या तोंडाशी धावलो. पाणी आलं. ते दोघं आणखी आठवडाभर शेजारच्या गावी काम करून, जिजींच्या पाया पडून, आखाजीसाठी डोंगरात गेले. आखाजीला अजून तीन आठवडे होते.

आता बिबड्यांकडे येते. तुम्ही इथून नेलेले ते जाड, खमंग पापड, तेच बिबडे. ज्वारी तीन दिवस भिजवायची, वाळवून कांडायची, दळायची, मग तीळ, जिरं, मिरची घालून भल्या मोठ्या पातेल्यात तिचा घाटा शिजवायचा आणि ओल्या कापडावर हाताने थापायचे. आपल्या गावात जिजींच्या बिबड्यांना मान आहे. या वर्षी त्या गच्चीवर येऊ शकत नव्हत्या, म्हणून मी आणि तीन शेजारणी थापायला वर आणि जिजींच्या सूचना खालून. घाट्याचं पातेलं वर जाण्याआधी त्यांनी चव पाहिली, मीठ वाढवायला लावलं, आणि मी जिन्यात असताना ओरडल्या, "धाकली! त्या पाईपपासी बिबडा टाकजो नको!"

पण गच्चीवर सावली न पडणारी, वाऱ्याने धूळ न येणारी जागा तीच. खाटा तिथेच लागल्या. एका शेजारणीने वर पाहिलं आणि पदर नाकाला लावला. "व माय, संडासनी हवा बिबडावर?"

मी तिला सांगू शकले असते की हवा वर जाते, खाली पडत नाही, आणि पाईप आपल्या डोक्याच्याही वर आहे. दूधवालीला दोनदा सांगितलंच होतं. पण बिबडे जिजींच्या नावाने चार घरी जाणार होते, आणि कुणी नाक मुरडलं असतं तर नाव त्यांचं गेलं असतं. मी स्टूल घेतलं, जुन्या लुगड्याचा बोळा पाईपच्या तोंडावर दाबून बसवला, वरून प्लॅस्टिकची पिशवी घातली आणि सुतळीने गच्च बांधली. चार दिवसांचा प्रश्न होता. बिबडे वाळले, डब्यात गेले. माझ्या वहीत ज्वारी किती, तीळ किती, कोणत्या डब्यात किती, सगळी नोंद आहे. पिशवी सोडायची, ही नोंद नाही.

आखाजीच्या दहा दिवस आधी नहाणीतून आवाज यायला लागला. संडासात पाणी सोडलं की जाळीखाली कुणीतरी गुळण्या करतंय असा. मग वास. मी फिनेल ओतलं, उदबत्त्या लावल्या, जाळी घासली. वास थोडा वेळ जाई आणि परत येई. जिजी तोंडावर पदर घेऊन झोपायला लागल्या. उशाचा तांब्या पुन्हा भरलेलाच राहू लागला.

"तुन्हा पाईपवाला काम कच्चं करी गया," त्या म्हणत. "आनी डोंगरमा पयी गया."

मलाही तसंच वाटलं. त्याला फोन लावला तर लागेना. त्यांच्या पाड्यावर टेकडी चढून गेल्याशिवाय आवाज पोचत नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी पुतण्या आला. हातपाय न धुताच तळघरात उतरला. पाचव्या पायरीवर थांबला. तसाच वर आला आणि आईच्या कपड्यांचं कपाट उघडून उभा राहिला. "काकू," तो हळूच म्हणाला, "तू व्हई तितलं करं. पन हाई कसं चाली?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. पाईपवाला. टेकडीवर आला होता आणि त्याला माझ्या नंबरचे सतरा निरोप एकदम दिसले होते.

मी सगळं ऐकवलं, जरा तावातच. त्याने शांतपणे विचारलं, "नहाणीमा पाणी शे का, बाई?"

"टाकं ते ऱ्हास. संडासना पाणी सोडं का निंघी जास."

"मंग वरतीन हवा भेटत नही. गच्चीवर पाईपनं तोंड मोकळं शे ना?"

"शेच," मी म्हटलं.

"बाई, देखी या."

जिन्याच्या अर्ध्यावर मला सुतळी आठवली. गुडघे दुखतात म्हणून मी तो जिना नेहमी थांबत थांबत चढते, पण त्या दिवशी उरलेल्या पायऱ्या कशा चढले ते सांगता येत नाही. पिशवी उन्हाने पिवळी, कडक झाली होती. बिबड्यांपासून तिथेच राहिलेल्या स्टुलावर चढले; गाठ सुटेना, कोपऱ्यात पडलेल्या विळ्याने कापली. बोळा ओढला तेव्हा पाईपने चक्क श्वास घेतल्यासारखा आवाज केला. तो बोळा पदराखाली लपवून, खाली जाऊन गप्प बसणं मला शक्य होतं. कुणाला कळलं नसतं. पाईपवाल्याने फोनवरून काहीतरी सांगितलं आणि ते झालं, एवढंच सगळ्यांना वाटलं असतं. पण त्या माणसाला गेले दहा दिवस मी आणि जिजी कामचुकार म्हणत होतो.

मी बोळा घेऊन तळघरात गेले आणि तो जिजींच्या खाटेवर ठेवला. "पाईपवाल्याचं काही चुकलं नाही. मी बिबड्यांसाठी तोंड बांधलं, आणि सोडायला विसरले."

जिजींनी बोळा उचलून ओळखला. "हाई ते मन्हं लुगडं!" मग त्यांना हसू सुटलं ते थांबेचना. डोळे पुसत म्हणाल्या, "पस्तीस वरीस पोरास्ले शिकाडं, आनी सोता नापास!"

पुतण्याने नहाणीत तांब्याभर पाणी ओतलं. संडासात पाणी सोडलं. आम्ही तिघं कान देऊन उभे. आवाज नाही. त्याने पुन्हा सोडलं, पुन्हा, मग बादलीने. जाळीखालचं पाणी जागच्या जागी हललं, एवढंच. पाईपवाल्याला मीच फोन केला, पण तो टेकडी उतरून गेला होता. दुसऱ्या दिवशी लागला तेव्हा मी माफी मागितली. तो म्हणाला, "मोठ्या मोठ्या बिल्डिंगमा बी लोके चिमनी घर करस म्हनीसन बांधी ठेवतस, बाई," आणि बायकोने घाट्याची कृती विचारल्याचं सांगितलं.

आखाजीला घागर पूजली, पितरांना घास ठेवला, पुरणपोळी आणि आमरस झाला. जेवून पुतण्या आईच्या खाटेशेजारी तळघरात सतरंजी टाकून आडवा झाला आणि चार तास झोपला. उठला तेव्हा गालावर सतरंजीच्या रेघा उमटल्या होत्या. सुरतेला अशी झोप लागत नाही म्हणाला. निघताना त्याने एकदाच विचारलं, "माय, येस का?"

"पाऊस पडी तवय येसू," जिजी म्हणाल्या. "पंधरा दिन. पाव्हनी म्हनीसन."

गाडी गेली. मी चहा घेऊन खाली आले. जिजी खाटेवर पाय सोडून बसल्या होत्या, वॉकरवर हात ठेवून.

"धाकली, तुले एक सांगू? होळीले त्याना फोन वना ना, त्याना आदीच मी त्याले सांगेल व्हतं. मले लई जाय म्हनीसन."

मी कप खाली ठेवला. "तुम्ही? आणि मग म्हैस आणि गोठा काय?"

"ते तुन्हासाठे. तू भांडं उचलस आनी मन्हाकडे देखत नही, काही व्हयनंच नही असं करस. मले ते सहन व्हयना नही. जावानं मन नव्हतं. पन रोज तुन्हा हाते धोवाडानं..." त्यांनी वॉकर पुढे केला आणि उठल्या.

मी नेहमीच्या सवयीने बरोबर जायला निघाले.

"बठ तू," त्या म्हणाल्या. "चहा पी."

त्या हळूहळू न्हाणीपर्यंत गेल्या, आत गेल्या, दार लोटलं, आणि आतून कडी घातली. खुबा मोडल्यापासून त्यांनी एकही दार आतून लावलं नव्हतं. मी खाटेवर बसून चहा घेतला. आतून पाणी सोडल्याचा आवाज आला, मग नळाचा, मग त्या काहीतरी गुणगुणत होत्या त्याचा. बाहेर यायला त्यांनी बराच वेळ घेतला, आणि मी हाक मारली नाही.